कोळीवाड्याच्या सहलीस कॅमेऱ्याचे किती सामान न्यावे?

सहलीस निघावयाचे म्हटले म्हणजे पिशवीत काय भरावे हा प्रश्न सर्वांनाच पडतो. परंतु ज्यांना छायाचित्रे काढण्याचा नाद आहे त्यांना तो विशेष छळतो. इतरांचे काम डबा, पाण्याची बाटली आणि टॉवेल एवढ्यावर भागते. कॅमेरावाल्याचे तसे नसते. विस्तीर्ण देखाव्यासाठी एक भिंग, दूरच्या वस्तूसाठी दुसरे, माणसाच्या मुद्रेसाठी तिसरे. शिवाय तिपाई, फ्लॅश, जादा बॅटऱ्या, आणि हल्ली ड्रोनसुद्धा. 'कदाचित लागेल' या दोन शब्दांच्या जोरावर एकेक वस्तू पिशवीत शिरते, आणि स्टेशनावर पोहोचेपर्यंत खांदा भरून येतो. बरे, इतके सामान नेले म्हणून चित्रे अधिक चांगली येतात काय? ज्यांनी अशा सहली केल्या आहेत त्यांना याचे उत्तर ठाऊक आहे.

या प्रश्नाचा विचार हवेत न करता एखाद्या ठराविक स्थळास धरून करावा असे आम्ही योजिले आहे. त्यासाठी हिमालय किंवा काझीरंग्याचे अरण्य न निवडता आम्ही वरळीचा कोळीवाडा निवडीत आहोत. हे स्थळ दादर, परळ, लालबाग, गिरगाव येथील विद्यार्थ्यांच्या अगदी शेजारचे आहे. पहाटे निघावे आणि दुपारच्या जेवणास घरी परतावे, इतके ते जवळ आहे. या जवळिकीतच आमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. जेथे जन्मात एकदाच जावयाचे तेथे 'कदाचित लागेल' या म्हणण्यास काही अर्थ असतो. जेथे पुढच्या रविवारी पुन्हा जाता येते, तेथे राहून गेलेले चित्र पुढच्या रविवारी काढता येते.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहू. एके काळी छायाचित्रकाराच्या ओझ्यास त्याचा नाइलाज होता. इ. स. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. तीत काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव पसरून ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावी लागे, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावे लागे, आणि ती वाळण्यापूर्वीच अंधारात धुवावी लागे. हा सारा विधी दहा-पंधरा मिनिटांत उरकावा लागत असल्यामुळे छायाचित्रकार जाईल तेथे अंधारी खोलीही जाई. म्हणजे तंबू, काचा, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी हे सर्व बरोबर असे. सॅम्युएल बोर्न नावाच्या इंग्रज छायाचित्रकाराने १८६३ ते १८६६ या काळात हिमालयात तीन मोठे प्रवास केले, तेव्हा त्याच्या सामानासाठी डझनवारी हमाल लागले. तो काही हौसेने एवढे ओझे वाहवीत नव्हता. त्याखेरीज एकही चित्र निघणे शक्य नव्हते.

आपली मुंबई या विद्येत मागे नव्हती. येथे १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू नारायण दाजी हे आपल्या लोकांतील आरंभीच्या छायाचित्रकारांपैकी एक होत. त्यांच्या पिढीस वरळीच्या खडकांवर जावयाचे असते तर बैलगाडीच जुंपावी लागली असती! पुढे कोरड्या काचा आल्या; १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन याने गुंडाळलेल्या फिल्मचा कोडॅक कॅमेरा विकावयास काढला; १९२५ मध्ये लायका हा मुठीत मावणारा कॅमेरा बाजारात आला. आज तर खिशातील मोबाइलही चित्र काढतो. तात्पर्य, पूर्वी ओझे किती न्यावे हे रसायनशास्त्र ठरवीत असे. आता ते आपले आपल्यालाच ठरवावे लागते. म्हणूनच हा प्रश्न आता अधिक अवघड झाला आहे.

तो सोडविण्याची रीत अशी की, कपाटापुढे उभे राहून 'काय काय नेता येईल?' असे विचारू नये. स्थळ कसे आहे, वेळ कोणती आहे, आणि कोणती हकीकत सांगावयाची आहे, हे तीन प्रश्न आधी विचारावे. सामान आपोआप ठरते.

स्थळ घ्या. जुन्या मुंबईच्या सात बेटांपैकी वरळी हे एक. त्याच्या उत्तर टोकाशी, माहीमच्या उपसागरात शिरलेल्या जमिनीच्या जिभेवर हा कोळीवाडा वसला आहे. टोकावर, इ. स. १६७५ च्या सुमारास इंग्रजांनी बांधलेला लहानसा किल्ला आहे. पूर्वेस उपसागर व त्यापलीकडे दादरचा किनारा. पश्चिमेस खुला समुद्र, आणि त्यात २००९ साली खुला झालेला ५.६ किलोमीटर लांबीचा वांद्रे-वरळी सागरी सेतू. आत मात्र घरास घर लागलेले, आणि त्यांमधून गल्ल्या अशा अरुंद की समोरून डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण आली तर आपण अंग चोरून भिंतीस टेकावे. ज्याच्या पाठीवर फुगलेली पिशवी आहे आणि पिशवीच्या बाजूस तिपाई लटकत आहे, त्याला अंग चोरता येत नाही. तो वळला की तिपाईचा पाय कोणाच्या तरी दोरीवरील कपड्यांत अडकतो, किंवा सुकत घातलेल्या मासळीस लागतो. ही गल्ली म्हणजे लोकांचे अंगण आहे, स्वयंपाकघराचा उंबरठा आहे आणि जाळी विणण्याचा कारखानाही आहे. येथे आपला आकार जितका लहान तितका बरा.

आता वेळेचा विचार. समुद्रकाठच्या सहलीस घड्याळाइतकेच पंचांग उपयोगी पडते. आपल्या किनाऱ्यावर एक सोपा हिशेब पूर्वापार चालत आला आहे: तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ सुमाराने निघते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, पौर्णिमेस आणि अमावास्येस सव्वा अकराच्या सुमारास पूर्ण भरती असते. त्यानंतर सुमारे सव्वा सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. हा हिशेब काटेकोर नव्हे. मिनिटांचा प्रश्न असेल तेव्हा छापील वेळापत्रकच पाहावे. पण सहलीचा दिवस ठरविण्यास तो पुरेसा आहे. अष्टमीस गेलात तर सूर्योदयास होड्या पाण्यावर डुलताना दिसतील. पौर्णिमेस किंवा अमावास्येस गेलात तर पहाटेच्या ओहोटीने त्याच होड्या चिखलात कलंडलेल्या असतील, आणि त्यांचे तळ, त्यांवरील ठिगळे, नांगराचे दोर हे सारे उघडे पडलेले असेल. दोन्ही देखावे चांगले. परंतु कोणता हवा हे घरून ठरवून निघावे.

पहाटेचा प्रकाश मंद असतो म्हणून तिपाई हवीच, असे पुष्कळांचे म्हणणे असते. त्याचा थोडा निकाल लावू. हातात धरून चित्र घ्यावयाचे असल्यास भिंग जितक्या मिलिमीटरांचे, सेकंदाच्या तितक्याव्या भागाहून पडदा अधिक वेळ उघडा ठेवू नये, असा जुना नियम आहे. ३५ मिलिमीटरच्या भिंगास सेकंदाचा पस्तिसावा भाग चालतो. २०० मिलिमीटरच्या भिंगास दोनशेवा भाग लागतो, म्हणजे ते लवकर हालते. लहान भिंगाने तिपाईची गरज निम्मी नाहीशी होते. उरलेली निम्मी आजच्या कॅमेऱ्यांची मंद प्रकाशातील ग्रहणशक्ती नाहीशी करते. शिवाय तिपाई कॅमेरा स्थिर करते, होडीस नव्हे. डुलणारी होडी आणि जाळे झटकणारा हात तिपाईवरूनही पुसटच येतील. आणि कोणा नाखव्याने होडीत घेतले तर हालणाऱ्या होडीवर तिपाईही हालणारच. पहाटेपूर्वी सेतूचे दिवे पाण्यात उमटलेले हवे असतील, तेवढ्यापुरती ती कामाची. आणि त्या वेळीही दगडी कठड्यावर कॅमेरा नीट टेकवून बरेच साधते.

भिंग कोणते घ्यावे हे साध्या त्रैराशिकाने ठरविता येते. फिल्मच्या जुन्या ३५ मिलिमीटर चौकटीची, किंवा तेवढ्याच आकाराच्या आजच्या संवेदकाची, उंची २४ मिलिमीटर असते. पाच फूट सात इंच, म्हणजे सुमारे १.७ मीटर उंचीचा माणूस आडव्या चित्रात पायापासून डोक्यापर्यंत मावावयाचा असेल, तर ३५ मिलिमीटरच्या भिंगाने सुमारे अडीच मीटरांवर उभे राहावे लागते. ५० च्या भिंगाने साडेतीन मीटरांवर. आणि २०० च्या भिंगाने चौदा मीटरांवर. कोळीवाड्याच्या गल्लीत चौदा मीटर मागे सरकावयाचे म्हणजे चार घरे ओलांडून कोणाच्या तरी माजघरात शिरावे लागेल! तेव्हा दूरचे भिंग येथे वजनानेच नव्हे, तर भूमितीनेही निरुपयोगी ठरते.

परंतु त्याच्याविरुद्ध याहून मोठे कारण आहे. चौदा मीटरांवरून ज्याचे चित्र घेतले त्याच्याशी आपले बोलणे होत नाही. अडीच मीटरांवरून घेतले तर बोलल्यावाचून गत्यंतरच नसते. 'मावशी, तुमचा एक फोटो काढू का?' एवढे विचारण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. मावशी 'नको' म्हणाल्या तर कॅमेरा खाली करावा. 'काढ' म्हणाल्या तर काढावा, आणि त्या काय निवडीत आहेत हे विचारून घ्यावे. मुलांचे चित्र घेण्यापूर्वी वडीलधाऱ्यांची परवानगी घ्यावी. दुरून, चोरून टिपलेल्या चित्रात माणूस हा पक्ष्यासारखा होतो. आपल्या स्वतःच्या आईचे, ती ओट्याशी काम करीत असता, रस्त्यावरून कोणी असे चित्र टिपले तर आपणांस रुचेल काय? जे भिंग आपण घरी ठेवतो ते आपणांस माणसांच्या जवळ जावयास भाग पाडते, हा त्याचा मोठा उपकार होय.

ड्रोनसंबंधी दोनच शब्द. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या आसमंतात परवानगीशिवाय ड्रोन उडविता येत नाही, आणि मुंबईत पोलिसांचेही मनाई हुकूम वेळोवेळी निघत असतात. शिवाय वरून पाहिलेल्या कोळीवाड्यात छपरे तेवढी दिसतात. तो घरीच ठेवावा.

येथवर आम्ही सोयीचा आणि सभ्यतेचा विचार केला. आता सत्याचा करू. कारण या किनाऱ्याच्या बाबतीत चित्र खरे असणे हे फार महत्त्वाचे झाले आहे. मरीन ड्राइव्हकडून येणारा सागरी किनारा मार्ग वरळीस सागरी सेतूला जोडण्यात आला. तो मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने वाहतुकीस खुला झाला. त्या जोडपुलाच्या खांबांमधून वरळीच्या होड्यांना समुद्रात जावे-यावे लागते. मूळ आराखड्यात दोन खांबांमध्ये ६० मीटरांचे अंतर होते. कोळीबांधवांचे म्हणणे असे पडले की, वारा आणि लाट उलटली असता एवढ्या जागेतून होडी सुखरूप काढणे कठीण. ती खांबावर आदळावयाची. त्यांनी काम अडविले, अधिक अंतर मागितले, आणि शेवटी २०२२ साली हे अंतर १२० मीटर करण्याचे सरकारने जाहीर केले. कागदावर ज्यांस ६० मीटर पुरेसे वाटले त्यांना होडी हाकण्याचा अनुभव नव्हता. ज्यांस तो होता त्यांचे ज्ञान पिढ्यांचे होते, पण नकाशावर लिहिलेले नव्हते.

अशा ठिकाणी छायाचित्र हा केवळ देखावा राहत नाही, तो पुरावा होतो. आणि पुरावा भिंगाप्रमाणे बदलतो, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. दूर उभे राहून मोठ्या भिंगाने होडी आणि खांब यांचे चित्र घेतले तर दोन्ही एकमेकांस चिकटल्यासारखी दिसतात. अगदी जवळ जाऊन अतिरुंद भिंगाने घेतले तर होडी राक्षसासारखी मोठी आणि मागचा खांब काडीएवढा दिसतो, आणि मधली जागा प्रशस्त वाटते. खांब तेच, होडी तीच. परंतु एका चित्राने कोळ्यांची बाजू वाढवून सांगितली, दुसऱ्याने सरकारची. कॅमेरा खोटे बोलत नाही ही समजूत भाबडी आहे. वस्तूंचे परस्परांशी प्रमाण आपण कोठे उभे राहतो यावर ठरते, आणि आपण कोठे उभे राहतो हे पुष्कळदा आपण कोणते भिंग आणले यावर ठरते. म्हणून असे चित्र ३५ किंवा ५० च्या मध्यम भिंगाने घ्यावे, आणि आपण कोठे उभे होतो, तारीख कोणती, भरती होती की ओहोटी, हे वहीत टिपून ठेवावे. पन्नास वर्षांनी कोणी या किनाऱ्याचा इतिहास लिहावयास बसला तर त्याला सुंदर पण निनावी अशा हजार चित्रांपेक्षा नाव, गाव आणि तारीख असलेली दहा चित्रे अधिक मोलाची वाटतील.

तर आता पिशवी भरू. एक लहान कॅमेरा, आणि त्यावर ३५ मिलिमीटरचे किंवा त्याच्या जवळपासचे एक भिंग. दोन्ही मिळून किलोभराच्या आतच राहतात. कॅमेरा नसेल तर मोबाइल चालेल. त्याचे मुख्य भिंग थोडे अधिक रुंद असते इतकेच. एक जादा बॅटरी. एक मेमरी कार्ड. ६४ गिगाबाइटच्या कार्डावर पूर्ण तपशिलाची सुमारे दोन हजार चित्रे मावतात, आणि एका सकाळी दोन हजार चित्रे काढणाराने पाहिले किती असेल याची शंकाच आहे. फिल्मच्या गुंडाळीत छत्तीसच चित्रे मावत, त्यामुळे प्रत्येक वेळी मनुष्य क्षणभर थांबत असे. ती सवय आजही वाईट नाही. एक मऊ फडके. एक प्लास्टिकची पिशवी, शिंतोड्यांपासून रक्षणासाठी. वही आणि पेन्सिल. मागील खेपेस काढलेल्या चित्रांच्या छापील प्रती, ज्याच्या त्यास देण्यासाठी. या शेवटच्या दोन वस्तू सर्वांत हलक्या, आणि नेमक्या त्याच पुष्कळांच्या पिशवीत नसतात. ज्याला आपले चित्र हातात मिळाले तो पुढच्या वेळी आपण होऊन बोलावतो, जाळ्याचे नाव सांगतो, आणि मासळीचेही.

एकच भिंग न्यावे यास खाऱ्या वाऱ्याचाही पाठिंबा आहे. किनाऱ्यावर भिंग बदलावयास कॅमेरा उघडला की क्षाराचे सूक्ष्म तुषार आत शिरतात. कॅमेरा उघडावाच लागला नाही तर हे भय उरत नाही. घरी परतल्यावर तो किंचित ओलसर फडक्याने व मग कोरड्या फडक्याने पुसावा, आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावा. नाहीतर भिंगावर बुरशी धरते.

कोणी म्हणेल, हा नियम सर्वत्र लावावा काय? तसे आमचे म्हणणे नाही. होमाई व्यारावाला या मुंबईत शिकलेल्या आणि पुढे दिल्लीत कीर्तीस चढलेल्या वृत्तछायाचित्रकार बाई आपली जड यंत्रे सायकलीवर लादून हिंडत. कारण त्यांच्यापुढची घटना पुन्हा घडणार नसे. उलट आंरी कार्तिये-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार बहुधा एका लायकावर आणि ५० च्या भिंगावर भागवीत असे, आणि तेवढ्यावरच त्याने १९४८ च्या जानेवारीत गांधीजींचे अखेरचे दिवस व त्यांची अंत्ययात्रा टिपली. पक्षी पाहावयास जाणाऱ्यास दूरचे भिंग हवेच. चौदा मीटरांहून जवळ बगळा येऊ देत नाही. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात कोळीवाड्यात गेलात तर होड्या ओढून ठेवलेल्या आणि जाळ्यांची डागडुजी चाललेली दिसेल. तेव्हा बारकावे टिपण्यास जवळचे भिंग जोडीला घेणे योग्य होईल. नारळी पौर्णिमेच्या गर्दीत मात्र तेही नको. काम पाहून सामान ठरवावे, सामान पाहून काम ठरवू नये, एवढाच आमचा आग्रह आहे.

शेवटी विद्यार्थीमित्रांस एक कसोटी सुचवितो. निघण्यापूर्वी पिशवीतील प्रत्येक वस्तू हातात घेऊन, तिने कोणते चित्र काढावयाचे आहे हे एका वाक्यात सांगावे. 'ओहोटीत उघड्या पडलेल्या होडीचा तळ', 'जाळे शिवणारे हात', 'खांबांमधून बाहेर पडणारी होडी' असे वाक्य तयार असेल तर ती वस्तू न्यावी. 'कदाचित' या शब्दाने वाक्य सुरू होत असेल तर ती कपाटात ठेवावी. या कसोटीस उतरलेल्या सामानाचे वजन बहुधा दोन किलोंच्या वर जात नाही. आणि खांदा मोकळा असला म्हणजे एखाद्या मावशीची पाटी उचलावयास हात देण्याचीही सोय राहते.